शिंगाचा शिक्का

साहेब, टिकारामला गुन्हेगार तुम्ही केलं. तो स्वतःच्या पायांनी तुमच्या दारात आला होता. पकडून आणलेला नव्हता.

आंबागडचा टिकाराम तुमसरला राइस मिलमध्ये हमाली करायचा. एक दिवस शेठच्या बंगल्यात लाकडी पेटी उतरवायला चौघांना नेलं. पेटीतून आफ्रिकेतल्या हरणाचं मुंडकं निघालं. पिळदार शिंगं, काचेचे डोळे. शेठने ते तिकडे जाऊन, पैसे मोजून, स्वतः मारलेलं.

भिंतीवर खिळे ठोकेपर्यंत शेठ सांगत राहिला. तिथला परवाना, इथला परवाना. विमानतळावर जनावरांच्या डॉक्टरने कातडं पाहिलं, रोग नाही, कीड नाही असं लिहून दिलं. जकातवाल्याने कानातल्या बिल्ल्याचा नंबर कागदाशी जुळवला. दर शिक्क्याची फी वेगळी. शिकारीपेक्षा शिक्केच महाग पडले म्हणून तो हसला.

टिकारामला घर आठवलं. त्याच्या घरी आढ्यात सांबरशिंगाचा तुकडा होता. मायने जंगलातून वेचून आणलेला, आपसूक झडलेला. पोराची छाती भरली की सहाणेवर उगाळून लेप लावायचा. तीन पिढ्यांनी उगाळून तो एका अंगाने सपाट झालेला. आता नात रक्षाची छाती घरघरत होती, आणि गावात वनरक्षक शिंग-कातड्यासाठी घरांची झडती घेत होते.

"शेठजी, आपल्या इकडच्या शिंगाले बी शिक्का भेटते का जी?"

"फी भरली का सगळं भेटते, टिकाराम."

शेठ बोलला आणि विसरला. टिकाराम विसरला नाही.

घरी बायकोने, देवकाबाईने, हात जोडले. "चुलीत घाला ते, नाही तर तलावात फेका. पण त्या वनखात्याच्या गेटात नोका जाऊ."

"चोरी केली का मी? तपासून देतीन, मंग भेव कायचा?"

भंडारा जिल्ह्याचे दोन झाले, कचेऱ्या वाढल्या. धुतलेला सदरा घालून, शिंग बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून टिकाराम त्यातल्याच एका, तुमच्या वन कार्यालयात आला. टेबलावर शिंग ठेवलं. शेजारी पाचशेची नोट ठेवली आणि तपासणीची फी किती, असं अदबीने विचारलं.

तुम्ही आधी शिंगाकडे पाहिलं, मग नोटेकडे. सांबर कुठं मारलं, बाकीचं मांस कुणाला विकलं, असं विचारलं. झडलेलं आहे जी, मायनं वेचलं, असं तो सांगत राहिला. माय मरून गेलेली, साक्षीला कोण येणार? शिंगाचा गुन्हा लागला. फी म्हणून ठेवलेली नोट लाच ठरली.

शेठकडे देवकाबाई गेली. त्या मुंडक्याखाली उभी राहून ती हात जोडत होती. शेठ म्हणाला, त्याला मी कुठं पाठवलं होतं? आणि हमालीवर दुसरा माणूस घेतला.

आता टिकाराम भंडाऱ्याच्या तुरुंगात आहे. घरात सहाण कोरडी पडली आहे आणि रक्षा रात्ररात्र खोकते. देवकाबाई तिला कडेवर घेऊन रोज तुमच्या गेटावर येते, शिपाई तिला रोज हाकलतो.

साहेब, जीव मारून आणलेलं शिंग तपासायला तुमच्याकडे डॉक्टर आहे, शिक्का आहे, दरपत्रक आहे. जंगलात पडलेलं शिंग घेऊन माणूस खरं सांगायला आला, तर त्याने कोणत्या खिडकीवर उभं राहायचं? तिथली फी किती? बाई गेटावर उभी आहे. उत्तर द्या.