पोर्तोच्या पायऱ्या

पोर्तुगालमधलं पोर्तो शहर पायी पालथं घालायचं हे देवयानीने वर्षभरापासून ठरवलं होतं, आणि निघायच्या तोंडावर तिचा घोटा मोडला. सिडनीत पॅरामाटाला बॅडमिंटन खेळताना शटल घ्यायला मागे मागे सरकली, पाय वाकडा पडला आणि थेट प्लास्टरमध्ये गेला. वेस्टमीडच्या तिच्या लॅबमध्ये टाकलेली रजा तशीच राहिली, फक्त ती आता सोफ्यावर काढायची होती.

तिच्या नवऱ्याला, उल्हासला, मात्र जाणं भाग होतं. त्याच्या कंपनीची तिथे कॉन्फरन्स होती. पुढचे चार दिवस फिरण्यासाठी देवयानीनेच जोडले होते, आणि ते आता एकट्या उल्हासच्या गळ्यात पडले. उल्हास म्हणजे जवळच्या हॅरिस पार्कला मिठाई आणायलासुद्धा गाडी काढणारा माणूस.

शनिवारी संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल लावला. सिडनीत बाल्कनीच्या कठड्यावर अजून ऊन रेंगाळत होतं. पोर्तोत सकाळ होती, आणि उल्हास हॉटेलच्या पलंगावर पांघरुणात होता.

"धो धो पाऊस आहे गं. आज काही जमेल असं वाटत नाही."

"पडदा सरकव बघू."

त्याने नाइलाजाने सरकवला. बारीक, तिरका, चिवट पाऊस होता. समोरच्या लाल कौलांवरून पाणी निवांतपणे ओघळत होतं.

"ह्याला तू धो धो म्हणतोस? चिंचवडला वाढलास ना?"

"तिथेही मी पावसात घरातच बसायचो."

"ऊठ, उल्हास. मला फिरायचंय."

ती हे रागाने म्हणाली नव्हती. तरी तो उठला.

सुरुवातीला सगळा गोंधळच होता. एका हातात छत्री, एका हातात फोन, त्यामुळे देवयानीला बराच वेळ त्याची हनुवटी आणि छत्रीच्या काड्या एवढंच दिसलं. "तुझ्या नाकपुड्या बघायला कॉल नाही लावला मी," ती म्हणाली, तेव्हा कुठे त्याने कॅमेरा फिरवला. ओले दगडी रस्ते, निळ्या-पिवळ्या टाइल्स लावलेल्या भिंती, खिडक्यांबाहेर प्लास्टिकखाली वाळत घातलेले कपडे. नकाशा बघून बघून गल्ल्या तिला पाठ होत्या. "आता उतर. डावीकडे. नाही रे, डावीकडे."

साओ बेंतो स्टेशनात तो पावसापासून आडोसा म्हणून शिरला आणि छत्री मिटायचंच विसरला. हॉलच्या भिंती छतापर्यंत निळ्या चित्रांच्या टाइल्सनी भरल्या होत्या. घोडे, लढाया, नावा, शेतातल्या बायका.

"हे सगळं हाताने रंगवलंय?" त्याने हळूच विचारलं.

"हो. मग आता घाई करू नकोस."

त्याने खरंच घाई केली नाही. उलट एका बैलगाडीपाशी इतका वेळ थांबला, की शेवटी देवयानीलाच त्याला नदीकडे हाकावं लागलं.

नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या अरुंद होत्या आणि शेवाळाने बुळबुळीत. तो भिंतीला धरून उतरत होता. अर्ध्यावर एक म्हातारी बाई दिसली. हातात भाजीच्या दोन पिशव्या, डोक्यावर रेनकोटची टोपी. एक पायरी चढायची आणि थांबायची.

"उल्हास," देवयानी म्हणाली.

"दिसतंय मला."

मग स्क्रीन काळी झाली. त्याने फोन खिशात टाकला होता. तिला आता फक्त आवाज येत होते. पाऊस, पन्हळीतून पडणारं पाणी, पिशव्यांची सळसळ, उल्हासची धाप, आणि मधून मधून त्या बाईचं पोर्तुगीज. तो उत्तरादाखल "येस, येस" म्हणत होता. कुठेतरी घंटा वाजली. देवयानीने डोळे मिटले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिला आपण सोफ्यावर आहोत ह्याचा विसर पडला.

दार करकरलं, आणि फोन बाहेर आला. एक छोटं स्वयंपाकघर, गॅसवर पातेलं, आणि गळ्यात टॉवेल घातलेला उल्हास.

"ह्या दोना लूर्देस," तो म्हणाला. "सोडतच नाहीत. सूप घे म्हणतात. म्हणजे, बहुतेक तेच म्हणतात."

दोना लूर्देसनी फोन आपल्या हातात घेतला, देवयानीकडे नीट निरखून पाहिलं आणि काहीतरी विचारलं. देवयानीने उत्तर म्हणून प्लास्टरचा पाय उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. बाईंनी कपाळाला हात लावला. मग स्कर्ट किंचित वर करून स्वतःच्या गुडघ्यावरचा ऑपरेशनचा लांब व्रण दाखवला आणि बरंच मोठं काहीतरी बोलल्या.

"हो ना मावशी," देवयानी मराठीतच म्हणाली. "फार कंटाळा येतो."

बाईंनी अगदी समजल्यासारखी मान हलवली. मग त्यांनी खिडकी उघडली आणि फोन बाहेर धरला. खाली ओल्या कौलांचे उतार, त्यांच्या पलीकडे करडी रुंद नदी, आणि पावसात अर्धा पुसला गेलेला उंच लोखंडी पूल. देवयानीने ह्या नदीचे शेकडो फोटो पाहिले होते. ह्या खिडकीतून काढलेला एकही नव्हता. तिचे डोळे भरून आले, आणि ते कोणाला दिसलं नाही, कारण फोनचं तोंड नदीकडे होतं.

"तुझ्या यादीतलं ते चर्च राहिलं," उल्हास सूप पिता पिता म्हणाला. "परत मागे जाऊ का?"

"राहू दे. सूप कसलंय?"

"बटाटा आहे. आणि कसला तरी हिरवा पाला, अगदी केसासारखा बारीक चिरलेला. मस्त आहे गं."

"मग संपव. आणि इथून पुढे तुझा तू जा, वाटेल तिकडे. मी फोन ठेवते. छत्री तरी दोन्ही हातांनी धरशील."

"तुला चालेल?"

"चालेल. रात्री सांग सगळं."

कॉल बंद झाला तेव्हा बाल्कनीतलं ऊन गेलं होतं. देवयानीला सडकून भूक लागली होती. ती कुबड्या घेऊन उठली, हळूहळू स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजमधून पालकाची जुडी काढून पाण्याखाली धरली.