उस्तादांचा मासा

ड्रायव्हरच्या ट्रकखाली एक माणूस सापडून मेला होता. चूक याची नाही, असं कोर्टाने सांगितलं तरी याची झोप उडाली ती उडालीच. वर्षभर तो घरात तोंड लपवून बसला. मग कुणीतरी त्याला उस्तादांकडे नेलं. उस्तादांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, ज्याने बनवलं त्यालाच ठाऊक, कुणी कधी जायचं." तेव्हापासून गेली चार वर्षं तो उस्तादांची गाडी चालवत होता.

उस्ताद म्हणजे बडं प्रस्थ. त्यांची चकचकीत, विटेएवढी जाड पुस्तकं फुकट घरोघर जात. डाव्या पानावर दगडातला जीवाश्म प्राणी, उजव्या पानावर आजचा जिवंत. बघा, अल्लाहने जसा घडवला तसाच आहे, तसूभर फरक नाही. उत्क्रांती हे थोतांड. विद्यापीठातले लोक हसत. जुने मौलाना म्हणत, याला दीन-धर्मापेक्षा कॅमेऱ्याची ओढ. एका मास्तराने वर्तमानपत्रात उत्तर दिलं, तर उस्तादांच्या पहिलवानाने त्याच्या बरगड्या मोडल्या. त्या दिवशीही गाडी ड्रायव्हरनेच चालवली होती. आरशात न बघता.

उस्तादांच्या प्रदर्शनासाठी दगडातला एक मासा साफ करायचा होता. ड्रायव्हर अभिमानाने म्हणाला, "माझी आपा संग्रहालयात हेच काम करते." आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलं होतं. संग्रहालयाच्या तळघरात बसून ती सुई आणि ब्रशने हाडांवरचा दगड कणाकणाने काढायची. वीस वर्षं.

तिसऱ्या दिवशी तिने त्याला बोलावून घेतलं. थिनरमध्ये बुडवलेला कापूस तिने माशाच्या शेपटीवर फिरवला, तर रंग विरघळून कापसाला लागला आणि खाली पांढरं प्लास्टर दिसलं.

"मासा खरा आहे," ती म्हणाली. "शेपूट प्लास्टरची. आजच्या माशासारखी दिसावी म्हणून चिकटवलीय."

"मग लाव परत."

"लावते. पण मासा अस्सल आहे म्हणून सही मागतायत, ती देणार नाही."

"आपा, अल्लाहचं काम आहे."

"मीही त्याचीच नमाज पढते. त्याला प्लास्टर लागत नाही."

ड्रायव्हरने हे उस्तादांना सांगितलं तेव्हा त्यांच्या कपाळाला पावडर लावणं चाललं होतं. पाच मिनिटांत कॅमेरा सुरू व्हायचा होता. त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं.

"सही नाही, तर ते हात काय कामाचे? पहिलवानाबरोबर तू जा. घरचंच माणूस असलं की गवगवा होत नाही."

ड्रायव्हरला वाटलं, नुसतं धमकावायचं असेल. असंच त्याने स्वतःला समजावलं.

सकाळी अकराला ते तळघरात उतरले. पहिलवानाने दाराला आतून कडी घातली आणि पहिल्या फटक्यात अख्खी फळी खाली ओढली. हाडं फरशीवर फुटली, त्यांवरून तो बूट घासत चालला. आपाने टेबलावरची छिन्नी उचलून त्याच्या मांडीत खुपसली. त्याने ओरडत तिचे केस धरले, तोंड टेबलावर आपटलं आणि उजवं मनगट दाबून धरलं.

"हातोडा घे," तो ड्रायव्हरला म्हणाला.

आपाच्या नाकातून रक्त वाहत होतं. तिने मान वळवून भावाकडे पाहिलं.

"आपा, सही कर ना."

"तू बाहेर जा," ती म्हणाली. आईचं शेवटचं दुखणं चाललं असताना ती त्याला असंच खोलीबाहेर पाठवायची, अगदी त्याच आवाजात.

तो गेला नाही. त्याने हातोडा मारला. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला.

"आता डावा," पहिलवान म्हणाला.

"ती सही उजव्याने करते."

"उस्तादांनी हात म्हणून सांगितलंय. दोन असतात."

ड्रायव्हरने दुसरा घाव पहिलवानाच्या जबड्यावर घातला. पहिलवानाने मांडीतली छिन्नी उपसून याच्या डाव्या डोळ्यात मारली. अर्धं जग काळं झालं. उरलेल्या अर्ध्यात जे दिसलं त्यावर तो मारत राहिला. आपा म्हणाली, "पुरे, तो मेलाय." तरी तो मारत होता. शेवटी तिने चांगल्या हाताने त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला.

कोर्टात त्याने सगळं सांगितलं, मास्तराच्या बरगड्यांसकट. उस्ताद खोकत म्हणाले, या माणसाला मी ओळखतही नाही. मग गाडीचे कागद निघाले, फोन निघाले, आणखी तिघेजण साक्षीला पुढे आले. उस्तादांना चौदा वर्षं, ड्रायव्हरला नऊ.

सरकारी वकिलाने आपाला विचारलं होतं, "हात कुणी मोडला?" तिने बोट दाखवलं. "माझ्या भावाने." आवाज हलला नाही. ड्रायव्हरला वाटत होतं, ती काहीतरी झाकेल. तिने झाकलं नाही, आणि त्याचा ऊर मोकळा झाला.

वर्षभराने ती तुरुंगात भेटायला आली. जाळीपलीकडे बसली. दोन बोटं वाकडी जुळली होती.

"दुखतं?" त्याने विचारलं.

"थंडीत फार. सुई आता डाव्या हाताने धरते. दिवसाच्या कामाला आठवडा जातो."

तो माफी मागायला लागला, तर ती म्हणाली, "ते राहू दे आज. डोळ्यात औषध घालतोस का?"

घंटा होईपर्यंत ती बसून राहिली. पुढच्या महिन्यात आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात आली.