धाकटीचं हृदय

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत दुपारी इतकी वाफ साचायची, की माणूस आधी आवाजाने कळायचा आणि मग दिसायचा. दोघी बहिणी तिथेच कामाला होत्या. थोरली घड्या घालायची, धाकटी चादरींना इस्त्री करायची. धाकटीला एचआयव्हीच्या गोळ्या सुरू होऊन एकोणीस वर्षं झाली होती. विषाणू इतका दबलेला, की तपासणीत सापडतही नव्हता. कामावर हे फक्त थोरलीला ठाऊक होतं.

त्या दुपारी चादरीचं टोक धरून धाकटी मागे सरकत होती, आणि चादर संपेचना. पांढरं नुसतं लांबत चाललं होतं. मशीनची घरघर पाण्याखालून आल्यासारखी मऊ झाली होती. तिला चक्क बरं वाटत होतं. फक्त छातीवर ओल्या टॉवेलांचा ढीग ठेवल्यासारखं जड.

"अगं, घामाने निथळतेस की!" थोरली धावली.

"वाफेने गं, ताई."

"वाफ मलाही लागतेय. ठेव ती चादर, दवाखान्यात चल."

दोन दिवस तपासण्या झाल्या. मग तिच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई पलंगाशी येऊन बसल्या. "झटका नव्हता. पण हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालीये. विषाणू दबला तरी शरीर आतून थोडं धुमसतच राहतं, म्हणून तुम्हा लोकांना हृदयाचा धोका जास्त. त्यात तुझ्या सिगारेटी!"

धाकटीला हसू आलं, मग डोळे भरून आले. "बाई, पहिल्यांदा तुमच्याकडे आले, तेव्हा माझ्या साड्यासुद्धा वाटून टाकल्या होत्या मी. इतकं जगून हृदयाची काळजी करायची वेळ येईल, असं कुठे वाटलं होतं!"

"आली ना? मग कर आता काळजी." बाईंनी तिच्या जुन्या गोळ्यांची नावं पुन्हा तपासली आणि त्यांच्याशी भांडणार नाही अशी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली.

सिगारेट सुटता सुटता धाकटीने ताईला भंडावून सोडलं. बाईंच्या परवानगीने कामावरून दोघी कालव्याकाठाने चालत घरी येऊ लागल्या. सुरुवातीला धाकटी दर बाकावर टेकायची. पाण्यात उलटी तरंगणारी घरं बघता बघता तिला वाटायचं, आपण त्या घरांवरूनच चाललोय. मग बाक मागे पडत गेले.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी मागून हाक आली.

"अगं, थांब की जरा! मलाही जीव आहे."

धाकटी थांबली, आणि धापा टाकणाऱ्या ताईचा हात तिने आपल्या हातात घेतला.