सुनेच्या हाताखाली

शिकाऊ भरतीचा फॉर्म सुनेनंच घरी आणला होता, आता बोल कोणाला लावणार? आणला होता धाकट्या बहिणीसाठी. बहीण म्हणाली, "ईऽऽ, कवळ्या? लोकांच्या दातांत मी हात घालू?" आणि फॉर्म फ्रिजवर पडून राहिला. तिथून तो सासूबाईंनी उचलला, चष्मा लावून वाचला, 'वय अठरा ते साठ' या ओळीवर बोट ठेवलं आणि छप्पन्नाव्या वर्षी भरून टाकला. सुनेला कळलं ते थेट निवड झाल्यावर.

"अहो आई, गंमत वाटली का ती?"

"गंमत असती तर फोटो कशाला चिकटवला असता?" सासूबाई म्हणाल्या.

नवरा हसून हसून लोळायचाच बाकी होता. "बरंय की! घरी ती सासू, तिकडे तू सासू. फिटंफाट."

सुनेला काही हसू आलं नाही. घरातला गॅस सासूबाईंचा, कपाटाच्या किल्ल्या सासूबाईंच्या, नवरा तर जन्मापासून सासूबाईंचा. तिचं म्हणावं असं एकच ठिकाण होतं, आणि आता तिथंही ह्या येणार.

ते ठिकाण म्हणजे कवळ्या बनवायची जागा. कारखाना म्हणायला लहान, दुकान म्हणायला मोठी. एका खोलीत प्लास्टर, एकीत पॉलिशची घरघर आणि मधल्या मोठ्या खोलीत दात बसवायची टेबलं. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे. त्यावरून प्लास्टरचा साचा करायचा, साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा. ती मेणातली कवळी आधी पेशंटच्या तोंडात लावून बघायला जायची आणि पसंत पडली की मगच पक्की व्हायची. सुनेनं इथं नऊ वर्षं काढली होती. दोन वर्षं प्लास्टर कालवलं, तीन वर्षं पॉलिश केलं, आणि चार वर्षांपासून ती दात बसवत होती, दुसऱ्या टेबलावर. पहिलं टेबल खिडकीजवळचं, ते मास्तरांचं. मास्तरांची नजर अधू झाली होती, सहा महिन्यांनी ते घरी बसणार होते. त्यांची खुर्ची सुनेलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते, आणि सगळ्यांपेक्षा जास्त सून स्वतः.

शिकाऊंची तुकडी दरवर्षी यायची. वर्षभर अर्ध्या पगारात काम करता करता शिकायचं, दर गुरुवारी दुपारी वर्गाला जायचं, शेवटी परीक्षा आणि मग पक्की नोकरी. यंदा बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेले एक गृहस्थ होते, जुळ्यांची आई होती, आणि आमच्या ह्या सासूबाई. एक नियम मात्र जुना होता. शिकाऊच्या कामाच्या चिठ्ठीवर सही शिकाऊची नाही, शिकवणाऱ्याची. चुकलं तर शिव्या शिकवणाऱ्याला, साधलं तर शाबासकीही त्यालाच.

मास्तरांनी सासूबाईंना सुनेच्या हाताखाली दिलं. "घरचं माणूस आहे, एकमेकींना समजून घ्याल," म्हणाले. अहो, समजून घ्यायचं असतं तर नऊ वर्षांत घेतलं नसतं का?

पहिले दोन महिने मात्र सून खूश होती, खोटं कशाला बोला. सासूबाईंचं प्लास्टर कधी पातळ व्हायचं, कधी वाटीतच दगड व्हायचं, आणि सून जरा मोठ्यानंच म्हणायची, "आई, पुन्हा!" सासूबाई पुन्हा करायच्या. घरी सून भाजी चिरायला बसली की त्या तशाच मोठ्यानं म्हणायच्या, "बारीक चीर गं जरा." हिशेब बरोबर बसत होता.

चौथ्या महिन्यात दात बसवायला घेतले आणि तिथं पाणी फिरलं. सासूबाई साचा हातात घ्यायच्या, डोळे मिटायच्या, स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवायच्या आणि मग चिमट्यानं दात उचलायच्या. एकदा ठेवला की ठेवला. सून एक दात चारदा हलवायची, पट्टी लावायची, पुन्हा हलवायची. एक दिवस मास्तर सासूबाईंच्या पाठीमागे येऊन उभे राहिले आणि चहा गार होईपर्यंत उभेच राहिले. "हात आहे हो बाईंना," एवढंच म्हणाले. सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षांत आपल्या मागे हा माणूस असा कधी उभा राहिला होता? कधीच नाही. तिला वाटलं, ह्यांना हात आहे, मग मला काय खुंट आहेत? त्या दिवसापासून तिला सासूबाईंचं सगळंच खुपायला लागलं. त्यांचं गुणगुणणं, त्यांचा इस्त्रीचा एप्रन, जुळ्यांच्या आईनं 'मला पण दाखवा ना' म्हणत त्यांच्याकडे जाणं. दाखवायला मी आहे ना इथं! जळफळाट म्हणजे काय ते तिला त्या महिन्यात कळलं.

त्यातच एका निवृत्त शिक्षिकेची कवळी दोनदा परत आली. दोन्हीही सुनेच्या हातच्या. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'बाई म्हणतात, दात सुंदर आहेत, पण माझे नाहीत.' सोबत बाईंचा तरुणपणचा एक फोटो पाठवला होता.

"तिसऱ्यांदा पाठवतोय," मास्तर सुनेला म्हणाले. "ही पास झाली की खुर्चीचं नक्की करून टाकू."

सुनेनं फोटोवर पट्टी ठेवून तोंडाची रुंदी मोजली. सासूबाईंना सरावासाठी त्याच साच्याची दुसरी प्रत मिळाली होती. त्यांनी फोटो डब्याला टेकवून ठेवला आणि जेवता जेवता बघत बसल्या. "हिचा ओठ एका बाजूनं उचललाय बघ," त्या म्हणाल्या. "आत काहीतरी वाकडं असणार."

"आई, आपण दात बसवतो, भविष्य नाही सांगत," सून म्हणाली.

गुरुवारी दुपारी सासूबाई वर्गाला गेल्या होत्या, मास्तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कवळी न्यायला माणूस दारात येऊन उभा राहिला. टेबलावर दोन कवळ्या होत्या. सुनेची कवळी प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरींसारखी, सगळ्या एका रेषेत. सासूबाईंच्या कवळीत वरचा एक दात किंचित आत वळला होता, शेजारच्याच्या आडून डोकावत होता. ती कवळी हसत होती हो! नुसत्या मेणात, नुसत्या प्लास्टरवर, हसत होती. सुनेला ते दिसलं. न दिसण्याइतकी ती अडाणी असती तर किती बरं झालं असतं.

"ताई, लवकर द्या, अजून चार ठिकाणी जायचंय," माणूस म्हणाला.

तिनं सासूबाईंची कवळी खोक्यात ठेवली, चिठ्ठीवर स्वतःची सही केली आणि खोकं त्याच्या हातात दिलं. स्वतःची कवळी उकळत्या पाण्यात टाकली. मेण वर आलं, दात तळाशी बसले. सासूबाई परतल्यावर ती म्हणाली, "तुमचा सराव झाला होता ना, म्हणून मोडून टाकली. दात डबीत आहेत."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. मग एप्रन बांधता बांधता, "एकदा बघायची होती मला."

सोमवारी डॉक्टरांचा फोन आला. मास्तरांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. शिक्षिकाबाई आरशात बघून आधी हसल्या आणि मग रडल्या म्हणे. 'माझा आत वळलेला दात यांना कसा कळला? फोटोत तर तोंड मिटलेलं आहे,' असं तीनतीनदा विचारत होत्या. मास्तरांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास पोरी! खुर्ची तुझी."

सासूबाईंचे हात प्लास्टरनं माखलेले होते. त्यांनी सुनेकडे पाहिलं. अगदी एक क्षण. आणि मग टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. आठवडा गेला, सासूबाई अवाक्षर बोलल्या नाहीत. उलट शेजारणीला जिन्यात थांबवून सांगितलं, "आमची सून मास्तरीण झाली." चोराच्या मनात चांदणं. सुनेला वाटायचं, टोमणा आहे. मग वाटायचं, नाही, मन मोठं आहे. आणि मन मोठं आहे म्हटल्यावर तर तिला जास्तच जळायला व्हायचं. म्हणजे हातही ह्यांचाच चांगला आणि मनही ह्यांचंच?

रविवारी दोघी गच्चीत चादरींच्या घड्या घालत होत्या. दोन टोकं हिच्याकडे, दोन त्यांच्याकडे. सुनेच्यानं राहवलं नाही.

"तुम्ही बोलत का नाही मला? तुम्हाला माहितीये ना सगळं?"

"माहितीये."

"मग भांडा ना! आयत्या बिळावर नागोबा म्हणा, काही म्हणा!"

सासूबाईंनी चादर ताणून धरली. "राग आला होता. रात्रभर जागी होते. मग वाटलं, अगं, माझं कोणी चोरावं असं आजवर माझ्याकडे होतं तरी काय? तू सकाळी बाहेर पडायचीस ना, मी दार लावायचे आणि खिडकीत जाऊन तू कोपऱ्यावर वळेपर्यंत बघायचे. नऊ वर्षं जळले मी तुझ्यावर. तुला वाटलं, तू एकटीच जळतेस?"

सुनेच्या हातातलं टोक सुटलं.

"उचल, मळेल," सासूबाई म्हणाल्या. "मी कोणाला सांगणार नाही. पण तो दात माझा आहे. तो मला परत हवा. कसा द्यायचा ते तू बघ."

सोमवारी सकाळी सुनेनं मास्तरांना सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर, पॉलिशचं मशीन बंद करायला लावून. एकही वाक्य गिळलं नाही. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"खुर्ची आत्ता कोणालाच नाही," ते म्हणाले. "तोवर मीच रेटतो, जेवढं दिसेल तेवढं. बाईंचं वर्ष पुरं व्हायला आठ महिने आहेत. मग दोघींना एकच साचा देईन. जिची कवळी पास होईल, तिची खुर्ची."

"आणि तोवर आईंना शिकवणार कोण?" सुनेनं विचारलं.

"कोण म्हणजे? तूच. सही तुझीच आहे."

सासूबाई स्टूल ओढून तिच्याशेजारी येऊन बसल्या. आज दाढा बसवायच्या होत्या. दाढांचं काम अवघड. पुढचे दात हात असला की जमतात, दाढा शिकवल्याशिवाय जमत नाहीत, आणि त्या कशा बसतात हे या खोलीत मास्तरांखेरीज एका सुनेलाच येत होतं. खालची दाढ केसभर बाहेर ठेवायला सांगितली असती तर आठ महिन्यांत कोणाला कळलं नसतं. शेवटच्या दिवशी पेशंट चावायला गेला की कळलं असतं, आणि खुर्ची आपोआप हिच्याकडे आली असती. सुनेच्या मनात ते आलं. आलं म्हणजे चांगलं ठाण मांडून बसलं.

"सांग," सासूबाई म्हणाल्या. चिमट्यात दाढ धरलेली, नजर सुनेवर. विश्वास होता की परीक्षा होती, देव जाणे.

"आत घ्या, आई," सून म्हणाली. "अजून आत. नाही, तेवढी नाही. हं, तिथंच." आणि त्यांची दाढ पहिल्याच खेपेला जागच्या जागी बसलेली बघून तिचा असा काही जळफळाट झाला म्हणता! "आता पुढची घ्या," ती म्हणाली.