धरणाच्या पाण्याला तिथी नसते

आता आमच्या पाड्यातल्या सात बायका मला विचारल्याशिवाय नदीत पाय घालत नाहीत. मी म्हटलं बाहेर, की बाहेर. जाळ्यात मासे उड्या मारत असले तरी बाहेर. एखादी कुरकुरली तर मी तिच्या सात पिढ्या काढते, आणि ती मुकाट्याने काठावर येते. हा मान मला फुकट मिळालेला नाही.

मी मूळची समुद्रकाठच्या चिखले गावची. खाडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून झिंगे धरायला सातव्या वर्षी शिकले. त्यामुळे लग्न होऊन सायवनला आले आणि सासूबाई, म्हणजे बायजी, मला नदी शिकवायला लागल्या तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"वर धरण आहे गो," त्या म्हणाल्या. "पाऊस नसला तरी खालच्या शेतांना पाणी सोडतात. काठाला काटकी रोवायची नि जाळं टाकशील तितक्यांदा तिच्याकडे बघायचं. कंबरेची टोपली एका ओढीत सुटली पाहिजे. नि काटकी भिजली की जो काठ जवळ तो गाठायचा. आपलं घर कुठल्या काठाला ते नाही बघायचं."

"पाणी सोडताना भोंगा वाजतो की."

"वाजतो. पण खडकांत पाण्याचा असा आवाज असतो, तुझ्या नवऱ्याने हाक मारली तरी ऐकू नाही येणार."

"ती तशीही येत नाही," मी म्हटलं. बायजी हसल्या नाहीत.

माझं गणित वेगळं होतं. पुनवेला, अमावस्येला उधाण. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी चढणार ते बेताचंच, आणि सावकाश. नदीला भरती नसते हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. पण अष्टमी आली की माझे पाय आपोआप निर्धास्त व्हायचे. पायांना कोण समजावणार?

गेल्या पौषातल्या अष्टमीला सकाळी मी निलमला घेऊन नदीवर गेले. निलम माझी नणंद, एकोणीस वर्षांची. मी केस बांधीन तसे ती बांधायची, मी शिव्या देईन तशा द्यायची. तिच्या कंबरेला टोपली मीच बांधली, खाडीतल्यासारखी दुहेरी गाठ मारून. काटकी रोवली नाही. आमच्या बाजूची कंबरभर धार ओलांडून आम्ही पलीकडच्या काठाजवळच्या खडकांत गेलो, कारण झिंगे तिथे असतात.

त्या दिवशी झिंगे नुसते ओतत होते. मग स्वच्छ पाण्यावर सागाची वाळकी पानं वाहत आली. वर पाणी चढलं की काठावरचा पाला आधी उचलून आणतं.

"वहिनी, पाला येतोय," निलम म्हणाली.

"येऊ दे. अष्टमी आहे. अर्धा तास हातात आहे."

हे वाक्य आठवलं की आजही मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं. अर्धा तास कुठला? दोनदा जाळं टाकेपर्यंत माझ्या पायाखालचा खडक पाण्यात गेला आणि पाणी गढूळ झालं. घोट्यांवरचं पाणी गुडघ्यांवर आलं.

मी निलमचा हात धरला आणि घराकडे निघाले. सरळ त्या धारेकडे. ती माझ्या मागून.

तेवढ्यात समोरच्या काठावर बायजी दिसल्या. पाड्यावर त्यांना भोंगा ऐकू आला होता आणि त्या धावत सुटल्या होत्या. त्या ओरडत होत्या, ऐकू काहीच येत नव्हतं. पण बुडणाऱ्या पोरीची आई हात पुढे करते ना? ही बाई दोन्ही तळव्यांनी आम्हाला मागे ढकलत होती. मी तरी पाऊल पुढे टाकलंच. मग त्यांनी दगड उचलून मारायला सुरुवात केली. एक पाण्यात पडला. दुसरा माझ्या खांद्यावर बसला.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी गर्रकन वळले. पलीकडचा काठ जेमतेम पंधरा पावलांवर होता, पण निलमची टोपली पाण्याने भरली होती आणि तिला कंबरेतून खाली खेचत होती. गाठ भिजून आवळली होती. नखं तुटली, गाठ सुटेना. शेवटी ती दोरी मी तिच्या कंबरेवरून तशीच खाली ओढून काढली. कातडी सोलली. टोपली गेली. एकमेकींना घट्ट धरून, पाय चाचपत आम्ही काठाला लागलो. मागे वळून बघितलं तर खडक नव्हतेच.

पुलावरून वळसा घालून बायजींना यायला दोन तास लागले. दोन तास मी मनात उत्तरं जुळवत होते. त्या आल्या, निलमच्या कंबरेवरचा लाल वळ बघितला, तिच्या अंगावर कोरडी साडी टाकली.

"गाठ मी मारली होती," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

"पोटच्या पोरीवर दगड टाकायला तुमचा हात कसा उठला हो?"

"तिला नव्हते मारत," बायजी म्हणाल्या. "तुला मारत होते. ती माझ्याकडे बघत तरी होती का? ती तुझ्याकडे बघत होती."