देजाचं तट्टू

रेतांगने तट्टाचा ओठ वर केला, जिभेखाली बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. गुंगीसाठी पाजलेल्या ताडीचा वास नाही, तंबाखूचा नाही. नुसतं गवत. त्याने बोट लुंगीला पुसलं, आणि त्याचा संशय आणखीच वाढला.

हे लाल तट्टू साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्यात बाजाराच्या मैदानात त्याने भल्याभल्यांना माती चारली होती. एकाचा खांदा अजून नीट बसलेला नाही. आणि आज तेच अंगणात, माणसाडुकरांच्या कालव्यात, गरीब गाईसारखं उभं. पाणी कुठेतरी मुरत होतं.

नदीपलीकडच्या डेलूने ते देज म्हणून, मुलीच्या घरी द्यायचं मोल म्हणून आणलं होतं. रेतांगच्या पुतणीसाठी, लिकासाठी. तिचा बाप तामू वारल्यापासून ती काकाकडेच होती, म्हणून शब्द काकाचा. आधीची दोन तट्टं त्याने परत धाडली होती, एक लंगडं म्हणून, एक कपाळावरचा भोवरा वाईट म्हणून. हेही परत गेलं तर बोलणी कायमची मोडणार, असं दोन्हीकडचे मध्यस्थ बजावून चुकले होते. लिकाच्या पोटात कालपासून अन्न नव्हतं.

"वठणीवर कुणी आणलं?"

"मीच, काका," डेलू म्हणाला. जरा जास्तच पटकन.

कसं, ते विचारल्यावर तो माया लावण्याच्या गोष्टी सांगू लागला. मायेने घरची पोरं ऐकत नाहीत, तट्टू काय ऐकणार, असं पुटपुटत रेतांगने तट्टाच्या कानाशी घंटा बडवायला लावली, डोळ्यांपुढे चादर फडफडवली. ते ढिम्म. शेवटी तो स्वतःच उघड्या पाठीवर चढला.

अंगणातल्या पूर्वजांच्या थडग्यांपाशी तो दोर ओढणार, एवढ्यात त्याच्या डाव्या पायाचा अंगठा तट्टाच्या बगलेला लागला. तट्टू जागच्या जागी गर्रकन डावीकडे फिरलं. तो पडता पडता वाचला. लोक हसले. त्याने मुद्दाम उजवा अंगठा लावला. उजवीकडे. दोन्ही लावले, तर उभंच राहिलं.

नुसत्या अंगठ्यांनी वळवत असा एकच माणूस बसायचा, त्याचा भाऊ. दोर आपल्याच गळ्यात टाकून, हात मोकळे ठेवून, पान जमवत जायचा. ती विद्या मिळावी म्हणून तरुणपणी रेतांगने त्याची तट्टं राखली होती. तामू हसायचा. म्हणायचा, शिकवायचं नसतं रे हे, पायातच असावं लागतं. त्याच्या मयताला, विद्याही मातीत गेली, असं लोक म्हणाले, तेव्हा रेतांगला दुःखाबरोबर थोडं बरंही वाटलं होतं.

"वळवतोस कसा ह्याला?" त्याने वरूनच विचारलं.

"दोर ओढून, काका. दुसरं कसं?"

ह्या वेळी पोरगा खरं बोलत होता. मग रेतांगने ओसरीकडे पाहिलं. लिका बायकांच्या रांगेत सुपारीची टोपली मांडीवर घेऊन मान खाली घालून बसली होती. त्याने डावा अंगठा दाबला. तिच्या लुंगीच्या काठाखाली डावा अंगठा ओसरीच्या बांबूंत रुतला. त्याने उजवा दाबला. तिचाही उजवा.

उन्हाळाभर पोरगी नदीवरून छातीपर्यंत भिजून यायची. निळीचं सूत धुवायला वेळ लागतो, म्हणायची. खोल पाण्यात तट्टाला उधळता येत नाही, हे त्याला तेव्हा सुचलं नव्हतं.

पोरीने आपलं देज आपल्याच हाताने तयार केलं! आमच्याकडे याहून मोठी नाचक्की नाही; दोन्ही घरांवर पिढ्यानपिढ्या गाणी रचली जातील. नकाराचा शब्द त्याच्या जिभेवर आला. रीतीपेक्षा रागानेच आणला. तामूने विद्या सख्ख्या भावाला नाही दिली आणि पोरीला दिली.

"बोला, उंबू," थोरांना हाक मारतात तसा मध्यस्थ अदबीने म्हणाला. "खोट आहे का काही?"

"आहे."

टोपलीतला लिकाचा हात थांबला.

रेतांग खाली उतरला. तट्टाच्या मानेवर त्याने थाप मारली.

"आमच्या कळपात हे रमायचं नाही. देज म्हणून घेतलं. पण नवरीला बसून जायला घोडं माहेरनं द्यायचं असतं. ते हेच."

देजाचं जनावर त्याच दिवशी माघारी दिलेलं कुणी ऐकलं नव्हतं. पण देऊ नये असंही कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. कॉफी आली, डुकराला सुरी लागली.

निघायच्या वेळी रेतांगने दोर लिकाच्या हातात दिला.

"माणसांत दोर ओढूनच वळवत जा," तो हळूच म्हणाला. आणि न राहवून विचारलंच, "त्यानं तुला कधी शिकवलं?"

"आजारात. बाबांच्या पायांतला जीव गेला होता. तट्टावर बसवून माझे पाय हातात धरायचे. आधी तुम्हालाच निरोप धाडला होता, काका. तुम्ही आला नाहीत."

निरोप आला होता. मरणाआधीच स्वतःच्या मयताच्या जेवणासाठी भावाचा डोळा आपल्या रेड्यांवर आहे, असं वाटून तो त्या दिवशी मुद्दाम डोंगरात जाऊन बसला होता.

तो वाकला आणि सकाळी पाहिलेलाच खूर पुन्हा उचलून पाहू लागला.