एकदाही न भरलेली बंदूक

एटापल्लीच्या चहाटपरीवर धनराजच्या मोबाइलवर काऊबॉयचा पिच्चर चालू होता. जुनाच पिच्चर, पण नव्यानं काढलेला. जुना मी चारदा पाहिलेला, म्हणून डोकं आधीच तापलं होतं. त्यात नव्या हिरोनं नळीतून भरायच्या बंदुकीनं लागोपाठ सहा बार काढले.

"बेअक्कल लोक!" मी ओरडलो. "जुन्यात निदान सहा गोळ्यांचं पिस्तूल होतं. अरे, ही भरमार हाय! एक बार काढला का नळीत दारू ओताव लागते, चिंधी कोंबाव लागते, छर्रे टाकून गजानं ठोकाव लागते. मंग घोड्याखाली ठिणगीची टोपी. तेवढ्यात डुक्कर पोट फाडून जाते!"

सगळे हसले. शेजारच्या बाकावरचा अनोळखी माणूसही हसला. "किती वेळ लागते भाऊ, भरायले?"

"माह्या हातानं? पन्नास मोजेपर्यंत."

हसणं थांबलं. धनराज खाली मान घालून चहाच्या ग्लासात बघू लागला. परवाच पोलीस गावात सांगून गेले होते, घरातल्या भरमार ठाण्यात आणून द्या. बाबाची भरमार आमच्या घरात, धान साठवायच्या ढोलीत तळाशी होती. मीच लपवली होती.

मी घाईघाईनं म्हणालो, "म्हणजे... पिच्चरमधीच पाह्यलं ना मी."

त्या माणसानं ग्लास खाली ठेवला. मोबाइलकडे बघत तो हळूच म्हणाला, "पण भाऊ, पिच्चरमधी तर त्यानं एकदाही भरली नाई."